विश्लेषण : ज्युनिपर फळांनी लगडलेला, पण आतले बी पोचट! ‘जिन’च्या झुडपाची नवी पिढी का अडली?

जिन या मद्याला वास आणि नाव देणारे ज्युनिपर हे झुडूप उत्तर गोलार्धात कोणत्याही शंकूधारी वनस्पतीपेक्षा जास्त भूभागावर पसरलेले आहे. तरीही पश्चिम युरोपातील अनेक माळांवर फळांनी भरलेल्या ज्युनिपरखाली एकही नवे रोप दिसत नाही. संशोधकांनी फळे फोडून पाहिली तेव्हा त्यातील बऱ्याच बिया आतून रिकाम्या निघाल्या. मात्र सगळीकडे अशी स्थिती नाही. एकाच प्रजातीच्या दोन नैसर्गिक समूहांत फळाचा आकार, बियांची संख्या आणि जिवंत बियांचे प्रमाण यांत मोठा फरक आढळतो. हा फरक कुठून येतो आणि वाढते तापमान त्यात काय भर घालते, हे प्रश्न आता युरोपापुरते राहिलेले नाहीत. हिमालयातही ज्युनिपरचे पुनरुज्जीवन अडले आहे आणि पोचट बिया हे त्यामागचे एक कारण आहे.

ज्युनिपरचे ‘फळ’ म्हणजे नेमके काय?

बाजारात ज्याला ‘ज्युनिपर बेरी’ म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ नाही. ज्युनिपर हा देवदार, चीड यांच्यासारखाच शंकूधारी गट आहे. चिडाच्या शंकूचे खवले सुकून उघडतात आणि बी वाऱ्यावर उडते. ज्युनिपरमध्ये हे खवले मांसल होतात, एकमेकांना चिकटतात आणि बियांभोवती बंद होतात. वरून ते करवंदाच्या जातीचे काही तरी असावे असे वाटते, पण आहे तो शंकूच. सोयीसाठी त्याला फळ म्हटले जाते इतकेच.

सामान्य ज्युनिपरमध्ये, म्हणजे शास्त्रीय भाषेत ‘ज्युनिपेरस कम्युनिस’मध्ये, नर आणि मादी झुडपे वेगळी असतात. नराचे परागकण वाऱ्याने येतात. मादी शंकूच्या टोकाशी आलेल्या चिकट थेंबात ते अडकतात आणि आत ओढले जातात. तिथून पुढे मात्र सारे संथ चालते. परागण एका वसंतात होते आणि फलन जवळपास पुढच्या वर्षी. फळ पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी, कच्ची आणि निळीकाळी, पिकलेली फळे शेजारीशेजारी दिसतात.

हा संथपणा पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. गहू किंवा ज्वारीच्या दाण्यावर एका हंगामाचे हवामान कोरले जाते. ज्युनिपरच्या एका बीवर दोन-तीन हिवाळे आणि तितकेच उन्हाळे बरे-वाईट परिणाम करून गेलेले असतात. बिघडायला वाव जास्त.

फरक किती आणि कशाकशात?

ज्युनिपरच्या जगभरात ६० ते ७५ प्रजाती मानल्या जातात. नेमक्या किती, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. प्रजातींमधील फरक डोळ्यांना सहज दिसतो. हिमालयातील ‘ज्युनिपेरस इंडिका’ आणि ‘स्क्वामाटा’ यांच्या फळात एकच बी असते. सामान्य ज्युनिपरमध्ये बहुधा तीन. लाहौल आणि लडाखमधील ‘ज्युनिपेरस पॉलिकार्पोस’मध्ये त्याहून अधिकही असू शकतात. ग्रीसपासून सीरियापर्यंत आढळणाऱ्या ‘ज्युनिपेरस ड्रुपेसिया’चे फळ तर दोन सेंटिमीटरहून मोठे होते आणि त्यातील तिन्ही बिया एकजीव होऊन आठळीसारख्या बनतात.

खरा गुंता आहे तो एकाच प्रजातीच्या आत. सामान्य ज्युनिपरचे फळ कुठे ४ मिलिमीटरचे, तर कुठे १२ मिलिमीटरपर्यंतचे असते. तीन बियांचा ‘नियम’ असला तरी एक किंवा दोन बियांची फळेही सर्रास सापडतात. शिवाय बी दिसणे आणि ती जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बियांची टरफले सारखीच दिसतात, पण कापल्यावर एकीत पांढरा, टपोरा गर आणि भ्रूण दिसतो, दुसरीत वाळलेला कोळसा, तर तिसरीत नुसती पोकळी. शेतकरी ज्याला पोचट दाणा म्हणतो, तोच हा प्रकार.

पोचट बियांचे प्रमाण समूहागणिक बदलते, त्याच समूहात झुडपागणिक बदलते आणि त्याच झुडपावर वर्षागणिक बदलते. एका टेकडीवरून एका वर्षी पिशवीभर फळे आणून त्यावरून अख्ख्या प्रदेशाचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे. या विषयावरच्या जुन्या नोंदी वाचताना ही अडचण वारंवार जाणवते.

बी पोचट का राहते?

पहिले कारण परागकणांचा तुटवडा. नर-मादी वेगळी असल्याने मादी झुडपाच्या आसपास वाऱ्याच्या टप्प्यात पुरेसे नर हवेत. जिथे समूह आक्रसून दहा-वीस झुडपांवर आला आहे आणि ती दूरदूर विखुरली आहेत, तिथे हे गणित बिघडते. गंमत अशी की, परागण वा फलन नीट झाले नाही तरी ज्युनिपरचे फळ गळून पडेलच असे नाही. बी रिकामे ठेवून ते पूर्ण वाढू शकते, रंग धरू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला झुडूप सुदृढच वाटते.

दुसरे कारण कीड. ‘ट्रायसेटॅकस’ नावाची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी कोळीवर्गातील कीड शंकूत शिरून बियांचा सत्यानाश करते. ‘मेगास्टिग्मस’ या इवल्याशा गांधीलमाशीसारख्या कीटकाची अळी थेट बीच्या आत वाढते आणि गर खाऊन बाहेर पडते. या किडींचा उपद्रवही सगळीकडे सारखा नसतो.

तिसरे कारण झाडाचे स्वतःचे. तीन बिया भरण्याइतका अन्नसाठा नसेल तर काही बिया मध्येच सोडून दिल्या जातात. कोरडा उन्हाळा, निकस माती, झुडपाचे वय या सगळ्यांचा त्यात हात असतो.

पोचट बी ही नेहमीच हानी असते का?

नेहमीच नाही, आणि याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील युटामध्ये आहे. तिथल्या ‘ज्युनिपेरस ऑस्टिओस्पर्मा’ या प्रजातीवर मार्सेलिनो फुएंतेस आणि युजीन शुप यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिया फोडून खाणारा टिटमाऊस हा छोटा पक्षी भरलेल्या बियांचे प्रमाण जास्त असलेल्या झाडांकडे अधिक वळतो आणि पोचट बियांची झाडे टाळतो, असे त्यांना दिसले. दहा बिया फोडून सात रिकाम्या निघत असतील तर पक्ष्याचा वेळ फुकट जातो. म्हणजे पोचट बिया उरलेल्या जिवंत बियांसाठी पहारेकऱ्याचे काम करतात.

यातून एक सावधगिरी घ्यावी लागते. एखाद्या समूहात पोचट बिया जास्त दिसल्या की लगेच तो ‘आजारी’ ठरवणे चूक आहे. काही समूहांचा तो पिढ्यान्पिढ्यांचा स्वभाव असू शकतो. जंगली वनस्पतीत असा फरक असायचाच, आणि निवड त्याच्यावरच काम करते. काळजी करावी ती, जिथे हे प्रमाण इतके चढते की जुनी झुडपे मरत असताना त्यांची जागा घ्यायला कोणीच उगवत नाही, अशा ठिकाणांची.

थ्रश कुळातील पक्षी मात्र ज्युनिपरचे मित्र. ते फळ अख्खे गिळतात, गर पचवतात आणि बी दूर टाकतात. झुडूप फळांनी लगडलेले असले की ते येतात. आतले बी जिवंत आहे की मेलेले, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. त्यामुळे पोचट बियांच्या समूहातही पक्षी इमानेइतबारे बिया पेरत राहतात. पेरणी होते, उगवत काही नाही.

तापमानवाढ आणि नायट्रोजनचा यात काय संबंध?

बेल्जियममधील घेंट विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांच्या गटाने २००९ मध्ये एक शंका जाहीरपणे मांडली. ज्युनिपर हा तापमानवाढ आणि हवेतून जमिनीवर पडणारा नायट्रोजन अशा दोहोंच्या एकत्रित माऱ्याचा बळी आहे का? युरोपच्या वेगवेगळ्या भागांतील समूहांच्या बिया तपासल्यावर चित्र असे दिसले की, उबदार हवामानात आणि जास्त नायट्रोजन पडणाऱ्या प्रदेशांत जिवंत बियांचे प्रमाण कमी आहे. वाहने, कारखाने आणि गहन पशुपालनातून हवेत जाणारी नायट्रोजन संयुगे पावसाबरोबर खाली येतात. त्याने माती आम्लधर्मी होते आणि पोषणद्रव्यांचा तोल ढळतो. ज्युनिपर हे मुळात निकस जमिनीचे झुडूप. त्याला हे ‘फुकटचे खत’ मानवत नाही.

पण उत्तर आणि दक्षिण युरोपातील समूह एरवीही वेगळे असतात. मग दोष तापमानाचा की वंशाचा? हे सोडवण्यासाठी त्याच गटाने पुढे झुडपे उत्तर-दक्षिण अशा वेगवेगळ्या अक्षांशांवर हलवून वाढवली. अधिक तापमानाचा बियांवर विपरीत परिणाम होतो, याला या प्रयोगातूनही दुजोरा मिळाला. निष्कर्षाचे वजन इथे वाढते, कारण नुसती आकडेवारी जुळवण्यापेक्षा झाडच उचलून दुसरीकडे नेणे ही अधिक कडक परीक्षा आहे.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तापमान सगळ्यांचे वाढत असले तरी फटका सगळ्यांना सारखा बसणार नाही. ज्या समूहांत मुळातच फळामागे जिवंत बिया कमी आहेत, त्यांच्याकडे घसरायला जागाच नाही.

ब्रिटनमध्ये चिंता अधिक का?

ज्युनिपर, स्कॉट्स पाइन आणि यू हे ब्रिटनचे तीनच मूळचे शंकूधारी. स्कॉटलंडच्या डोंगरांत ज्युनिपर अजून बऱ्यापैकी आहे. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर मात्र तो तुकड्यातुकड्यांत उरला आहे आणि त्यातील पुष्कळ झुडपे एकाच वयाची, म्हातारी आहेत.

याचे एक कारण ससे. रोपाला उगवण्यासाठी उघडी जमीन लागते, म्हणजे थोडी चराई हवी. पण चराई थांबायलाही हवी, नाही तर कोवळे रोप खाल्ले जाते. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस रोगाने ब्रिटनमधील ससे मोठ्या संख्येने मेले आणि त्या सुमारास ज्युनिपरची रोपे अनेक टेकड्यांवर तगली. ती पिढी आता वृद्ध होत आहे. तिच्यानंतरची पिढी बहुतेक ठिकाणी दिसत नाही. ‘प्लांटलाइफ’ या वनस्पती संवर्धन संस्थेने दक्षिणेकडील सखल भागातून ज्युनिपर नाहीसा होण्याचा इशारा यापूर्वीच दिला आहे.

त्यात २०११ मध्ये नवे संकट उघड झाले. उत्तर इंग्लंडमधील अप्पर टीसडेल येथील ज्युनिपर ‘फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री’ या मुळे कुजवणाऱ्या बुरशीसदृश जीवाने मरत असल्याचे आढळले. हा जीव त्याआधी अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या जंगलात ओळखला गेला होता. पाण्यातून, ओल्या मातीतून आणि रोपवाटिकेतील रोपांबरोबर तो पसरू शकतो. साहजिकच, ‘उगवत नाहीत ना, मग रोपे आणून लावा’ हा सर्वांत सोपा उपाय अचानक संशयास्पद ठरला.

आणि इथेच नैसर्गिक वैविध्याची किंमत कळते. रोग आलेल्या जागीही सगळी झुडपे मरत नाहीत. शेजारची दोन सुकतात, तिसरे हिरवे राहते. त्या तिसऱ्यात आनुवंशिक प्रतिकारशक्ती असेल, तर पुढची पिढी तिच्या बियांतून यायला हवी. तिच्या बिया पोचट असतील, किंवा आसपास नरच उरला नसेल, तर ती शक्ती त्या झुडपाबरोबरच संपते.

बियाणे बँकेत नेमके काय ठेवतात?

लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या ‘मिलेनियम सीड बँके’ने २०१३ मध्ये ब्रिटनमधील मूळ वृक्षांच्या बिया जमवण्याचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. सुरुवातीलाच ज्या वृक्षांना प्राधान्य मिळाले त्यात ज्युनिपर होता. एका चांगल्या झुडपावरून पोतेभर फळे तोडणे ही या कामाची रीत नाही. वेगवेगळ्या प्रदेशांतील अनेक समूह आणि प्रत्येक समूहातील अनेक मादी झुडपे निवडली जातात. बियांचा ढीग किती मोठा, याला दुय्यम महत्त्व. तो किती आयांचा आहे, हे पाहिले जाते.

ज्युनिपरच्या बाबतीत हे काम किचकट होते. भात पेरण्यापूर्वी शेतकरी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो, पोचट वर तरंगते आणि भरलेले तळाशी बसते. ज्युनिपरच्या टणक, राळयुक्त बियांना एवढ्या साध्या परीक्षेवर सोडता येत नाही. बियांचे क्ष-किरण चित्र काढून आतला गर पाहिला जातो, काही बिया कापल्या जातात. जिवंत पेशींना लाल रंग देणाऱ्या टेट्राझोलियम रसायनाची चाचणीही वापरली जाते. त्यानंतर वाळवलेल्या बिया उणे २० अंश सेल्सियसला जातात. एवढे करून पेरल्यावर उगवायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, कारण बीची सुप्तावस्था मोडायला उबेचे आणि थंडीचे टप्पे आलटूनपालटून द्यावे लागतात.

दुसरीकडचे बी आणून लावावे का?

यावर तज्ज्ञांत उघड मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, स्थानिक बी स्थानिक मातीला सरावलेले असते, ते सोडू नये. दुसरी बाजू विचारते, जिथले हवामानच सरावाच्या बाहेर चालले आहे, तिथे स्थानिक बीचा आग्रह किती दिवस धरणार? दक्षिणेकडचे, उष्णतेला सरावलेले समूह उत्तरेकडे न्यावेत, असा हा विचार आहे.

ज्युनिपरच्या बाबतीत दुसऱ्या युक्तिवादाला एक अडचण आहे. उष्ण प्रदेशातल्या समूहांतच भरलेले बी कमी मिळते. शिवाय बी किंवा रोपे हलवताना रोग हलण्याची भीती आहेच. सध्या तरी कुंपण घालून चराई आवरणे, थोडी जमीन उघडी करणे आणि त्याच परिसरातील अनेक झुडपांचे बी मिसळून पेरणे हाच मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. तो संथ आहे. पण तीन वर्षांत एक फळ पिकवणाऱ्या झुडपाला घाई लावून उपयोगही नाही.

हिमालयात काय स्थिती आहे?

भारतात ज्युनिपरच्या अनेक प्रजाती हिमालयाच्या उंच पट्ट्यात आहेत. त्यातील ‘ज्युनिपेरस पॉलिकार्पोस’ हा वृक्ष किन्नौर, लाहौल-स्पीती आणि लडाखच्या शीत वाळवंटात उगवतो. जिथे दुसरे झाड क्वचितच तगते, तिथे सरपण, बांधकामाचे लाकूड आणि धूप अशा तिन्ही गरजा त्याने भागवल्या. लडाखमध्ये त्याला ‘शुकपा’ म्हणतात. त्याची पाने जाळून धूप देणे हा घराघरातला आणि मठांतला नित्याचा विधी. हेमिस शुकपाचन या गावाचे नावच तिथल्या शुकपाच्या राईवरून पडले आहे.

राया पवित्र मानल्या गेल्याने जुनी झाडे टिकली, पण त्यांच्याखाली रोपे फारशी नाहीत. शिमल्याच्या हिमालयन वन संशोधन संस्थेने या वृक्षाची रोपे तयार करण्याच्या तंत्रावर काम केले आहे. तिथेही अडथळे ओळखीचेच होते. पोचट बियांचे मोठे प्रमाण, टणक कवच, लांबलेली सुप्तावस्था. त्यात शेळ्या-मेंढ्यांची चराई आणि धुपासाठी होणारी तोड. सीमेपलीकडे, बलुचिस्तानातील झियारतचे ज्युनिपर जंगल २०१३ मध्ये ‘युनेस्को’च्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत गेले. तेथेही जुने वृक्ष भरपूर आणि नवी रोपे विरळ, हीच तक्रार आहे.

युरोपात निदान समूहासमूहांतील फरक मोजण्याची सवय लागली आहे. हिमालयात एका दरीतील झाडांचे बी दुसऱ्या दरीतील झाडांहून किती भरलेले आहे, याची तपशीलवार, अनेक वर्षांची नोंद ठेवणे ही पहिली गरज आहे. कुठल्या राईचे बी घ्यायचे हे रोपवाटिकेला त्याशिवाय ठरवता येणार नाही.

गोव्याची जिन आणि ‘हपुषा’ यांचा संबंध कुठे येतो?

सह्याद्रीत ज्युनिपर रानात उगवत नाही. महाराष्ट्र-गोव्यात तो येतो तो वाळलेल्या फळांच्या रूपात. आयुर्वेदात ‘हपुषा’ नावाने सामान्य ज्युनिपरचे फळ वापरले जाते आणि काष्ठौषधींच्या दुकानांत ते मिळते. गेल्या काही वर्षांत गोव्यातून देशी जिनची लाट आली. त्यातील एका जिनने तर हिमालयातील ज्युनिपर वापरून ‘हपुसा’ हेच नाव घेतले.

युरोपीय महासंघाच्या नियमानुसार ज्युनिपरची चव ठळक नसेल तर त्या मद्याला जिन म्हणता येत नाही. त्यासाठीची बरीचशी फळे आजही उत्तर मॅसेडोनिया, अल्बेनिया, सर्बिया आणि इटलीतील टस्कनीच्या डोंगरांतून, रानातूनच तोडून येतात. फांदीवर काठी मारली की पिकलेली फळे खालच्या टोपलीत पडतात आणि कच्ची फांदीवरच राहतात. पद्धत जुनी आणि झुडपाला फारशी न दुखवणारी. वासही डोंगराडोंगराला बदलतो, म्हणून मद्यनिर्माते दर हंगामात वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने हुंगून पाहतात आणि मग खरेदी करतात. समूहांमधला नैसर्गिक फरक त्यांनी व्यापाराच्या गरजेपोटी शास्त्रज्ञांच्या आधीच ओळखला होता, असे म्हणायला हरकत नाही.

व्यापाऱ्याला वास हवा असतो, बी जिवंत आहे की नाही याने त्याचे काही अडत नाही. जिथे फळामागे दोन-तीन भरलेल्या बिया असतात, तिथे थोडी तोड खपून जाते. जिथे शंभर बियांत मोजक्याच जिवंत आहेत, तिथे तेवढीच तोड पुढच्या पिढीतला मोठा वाटा घेऊन जाते. त्यामुळे किलोच्या हिशेबात तोडीची एकच मर्यादा सर्व डोंगरांना लावून भागणार नाही. परवाना देण्याआधी त्या त्या समूहाच्या मूठभर बिया कापून पाहणे, हे काम वनखात्याला एका चाकूने आणि एका दुपारी करता येण्याजोगे आहे.